पाणमांजराच्या पिंजऱ्यात आमचं कुटुंब

तीर्थस्वरूप आत्याच्या पायांशी भोवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (लांबूनच घालतो. जवळ आलो तर कान धरशील.)

तुझी तब्येत कशी आहे? गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना? मागे चढताना दुखत होता आणि तू म्हणाली होतीस की म्हणून तू आता वरच राहतेस, खाली उतरतच नाहीस. मग भाजी कोण आणतं? चष्म्याची काडी बसवून घेतलीस की अजून दोराच गुंडाळतेस? मी मजेत आहे. 'तीर्थरूप' कुणाला लिहायचं आणि 'तीर्थस्वरूप' कुणाला, हे शाळेत शिकवलं त्या दिवशी मी शाळेमागच्या नाल्यात बेडूक बघत होतो, त्यामुळे मायन्यात चूक असेल तर बेडकाला बोल लाव. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू बोलतेस, मी हूं हूं करतो आणि शेवटी तूच म्हणतेस, बरं झालं बाई, सगळं बोलून झालं. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही. (हे वाक्य पुसणार होतो, पण पेन पक्क्या शाईचं निघालं.)

तर मुद्दा असा, की ताईचा तुला फोन आला असणारच. घरी पोचल्यावर ती आधी तुला फोन करते आणि मग चपला काढते. तिने सांगितलं असेल, भोवऱ्याने आईबाबांना, मला आणि ह्यांना अभयारण्यात नेलं, जनावराच्या पिंजऱ्यात कोंडलं आणि शाळेच्या पोरांना दाखवलं. आत्या, तिचा शब्द न् शब्द खरा आहे, फक्त कर्ता चुकला. कोंडलं मी नाही, बाबांनी. आणि दाखवलं कुणीच नाही, पोरं आपणहून बघत होती.

आता पहिल्यापासून सांगतो. आमच्या कुलपांच्या दुकानाबद्दल गल्लीत काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे: सगळ्या गावाची दारं हा माणूस बंद करून देतो आणि ह्याच्या घरातलं पोरगं मात्र कुठल्याच कडीकोयंड्याने थांबत नाही. लोक हसून म्हणतात, बाबा हसून ऐकतात, पण नंतर ते कानस जरा जोरात चालवतात हे मी पाहिलंय. मी बेकरीत होतो, मग छापखान्यात, मग तंबू ठोकणाऱ्यांबरोबर, मग एका होडीवर. (होडी चांगली होती गं. होडीवाल्याचा स्वभाव इतका गोड, की रागावला की शिट्टी वाजवायचा. पण पुन्हा पुन्हा त्याच दोन काठांवर जायचं, म्हणजे काय?) आणि आता इथे, ह्या अभयारण्यात, माझी नोकरी अजून कच्ची आहे. पक्की करायची की नाही ते इथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई ठरवणार. बाबांना ह्याचा सुगावा लागला आणि त्यांनी निरोप धाडला, की आम्ही सगळे येतोय, तुझ्या बाईंना मी समोर बसवून विचारणार. पक्का असशील तर राहा, कच्चा असशील तर पिशवी भर आणि दुकानात बस. आत्या, दुकान वाईट नाही. पण दुकानात जी खिडकी आहे ती बंद कुलपांच्या कपाटामागे आहे. आणि खरं सांगू का, पहिल्यांदाच मला कुठून तरी निघावंसं वाटत नव्हतं. त्यामुळे निरोप ऐकून मी त्या दिवशी एकच टाकी दोनदा घासली.

हे अभयारण्य कसं आहे ते आधी नीट समजून घे, नाहीतर भावोजींचं काय झालं ते कळायचं नाही. इथे फक्त इथलेच प्राणी ठेवतात. सिंह नाही, जिराफ नाही, हत्ती तर नाहीच नाही. आपल्या नाल्यात, बांधावर, वळचणीला जे राहतात आणि ज्यांच्याकडे आपण कधी मान वळवून बघत नाही, तेच सगळे. कुणी गाडीखाली सापडलेला, कुणी तारेत अडकलेला, कुणी कुणीतरी हौसेने पाळलेला आणि मग हौस फिटल्यावर दारात आणून सोडलेला. इथे बरे करायचे आणि पुन्हा रानात सोडायचे. त्यामुळे डॉक्टरीणबाईंना 'पिंजरा' हा शब्द चालत नाही, 'निवारा' म्हणायचं. जनावरांना नावंही ठेवायची नाहीत, जीव लागतो म्हणतात. माझं काम म्हणजे सकाळी मासे कापायचे, पाण्याच्या टाक्या घासायच्या, साळिंदराचे गळलेले काटे गोळा करायचे, घुबडाला वजनकाट्यावर बसवायचं. (घुबड आपणच चढतं आणि काटा स्थिर होईपर्यंत माझ्याकडे असं बघतं, जसं तू मी दुसऱ्यांदा वाढून घेतो तेव्हा बघतेस.) आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे दारं. प्रत्येक निवाऱ्याला दोन दारं असतात, बाहेरचं आणि आतलं, मध्ये एक अरुंद बोळ. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पहिल्याच दिवशी बाईंनी मला समोर उभं करून सांगितलं होतं, आग लागो, भूकंप होवो, मी स्वतः ओरडो, जनावर बोळात असताना बाहेरचं दार उघडायचं नाही. मी म्हटलं, हो बाई. मी सगळ्यांनाच हो म्हणतो, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

तर मंडळी आली. भावोजी पानांच्या नक्षीचं जाकीट, रुंद कडेची टोपी आणि गळ्यात दुर्बीण घालून उतरले. बसस्टॉपवरचे लोक त्यांना बघून आधीच बाजूला झाले होते. विमा विकणाऱ्या माणसाला रानात जायचं म्हटलं की अंगात वारं भरतं बहुतेक. उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, वाघ कुठल्या बाजूला? मी म्हटलं, भावोजी, वाघ नाही, पण मुंगूस आहे, एक डोळा गेलेलं. त्यांचा चेहरा असा झाला जसा हप्ता न भरणाऱ्याला बघून होतो. ताई पांढऱ्या नव्या चपला घालून आली होती, त्यामुळे ती चालत नव्हती, एकेक पाऊल नीट ठेवून बघत होती. आईच्या दोन्ही हातांत पिशव्या, कारण तिच्या मते जिथे माणसं नोकरी करतात तिथे खायला मिळत नाही. आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, वरच्या खिशात ती छोटी कानस आणि पेचकस. आत्या, तुझ्या लग्नातल्या फोटोतही ती कानस त्यांच्या खिशात दिसते, आठवतंय ना?

आता गंमत अशी, की हे इथले प्राणी बहुतेक दिवसा झोपतात. साळिंदर बिळात होतं, त्याचा पार्श्वभाग तेवढा दिसत होता. आई बराच वेळ तो बघत राहिली आणि म्हणाली, तुझ्या वयाचे असताना तुझे बाबाही असेच झोपायचे. कासवाकडे आम्ही सगळे मिळून बघत होतो, ते हलेल म्हणून, शेवटी भावोजीच हलले. घुबडाने एक डोळा उघडला, आईला पाहिलं आणि मिटला. आईने त्याला विचारलं, जेवायला घालतात ना रे नीट? मुंगसापाशी मात्र ती भडकली. "हे? हे तर आपल्या मोरीमागे रोज यायचं! ह्याला बघायला मी दोन बसगाड्या बदलल्या?" मी म्हटलं, अगं आई, तीच तर ह्या जागेची गंमत आहे. ती म्हणाली, गंमत असेल, पण मोरीमागचं फुकट होतं. भावोजींनी दुर्बिणीतून रिकामी झाडं पाहिली आणि विचारलं, ह्या सगळ्यांचा विमा उतरवलाय का? ताईला प्राणी दिसतच नव्हते, म्हणून तिने पाट्यांचे फोटो काढले. पाट्या चांगल्या आहेत म्हणा.

बाबा एकाही जनावराकडे बघत नव्हते. ते कुलपं बघत होते. प्रत्येक निवाऱ्यापाशी आमचं कुटुंब डावीकडे जाळीला नाक लावून उभं आणि बाबा उजवीकडे दाराशी वाकलेले. तुला तर आपल्या घराची रीत माहीत आहे: कुलूप लावलं की आधी बाबा ओढून बघतात, मग आई, मग ताई, आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून कुणीतरी एकजण परत जाऊन पुन्हा ओढून बघतो. इथे बाबा एकटेच चौघांच्या वाटचं ओढत होते. ह्याला कुलूप म्हणतात? ह्याच्यावर फुंकर मारली तर उघडेल. हे कुणी बसवलं, सुताराने की वैऱ्याने? मी म्हणत होतो, बाबा, जरा कोल्हा बघा, किती ऐटबाज आहे. बाबा म्हणाले, ऐटबाज असणारच, त्याला माहीत आहे तो कधीही निघून जाऊ शकतो. असं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी कोल्ह्याकडे पाहिलं.

मला वाटलं, आता काहीतरी करून ह्यांच्यावर छाप पाडली पाहिजे. बाईंना भेटण्याआधी बाबांच्या मनात माझ्याबद्दल एक तरी बरा विचार असावा. म्हणून मी त्यांना पाणमांजराकडे नेलं. एक मादी आहे, मासेमारीच्या जाळ्यात पाय कापला गेलेला, आता बरी झालीय. सतत काहीतरी शोधते, सतत कुणावर तरी ओरडते, आणि मासा दिला तर आधी तो ताजा आहे की नाही ते तपासून मगच घेते. नाव ठेवायचं नाही हे खरं, पण मी तिला आत्या म्हणतो. (रागावू नकोस. मायेने म्हणतो. शिवाय मिशा तिला आहेत, तुला नाहीत.) आणि आतापर्यंतच्या सगळ्या मूर्खपणावर कळस म्हणजे मी चौघांनाही बाहेरच्या दारातून मधल्या बोळात घेतलं. पाहुण्यांना आत न्यायचं नाही असा नियम आहे, पण बाई बगळ्याच्या पायाला प्लास्टर घालत होत्या आणि माझ्या हातात सगळ्या अभयारण्याच्या किल्ल्यांचा जुडगा होता. आत्या, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी किल्ल्या दिल्या होत्या. आणि त्या बाबांना दिसाव्यात असं मला वाटत होतं, बस्स, एवढंच.

बोळात आम्ही पाचजण, एका माणसाच्या जागेत. मी आतल्या दाराशी, शेजारी भावोजी, माशांची बादली माझ्या हातात, किल्ल्यांचा जुडगा बादलीच्या कडीला अडकवलेला. बाबा सगळ्यात मागे, म्हणजे बाहेरच्या दाराशी. त्या दाराचं कुलूप कितीतरी दिवसांपासून ढिलं होतं, त्याची जीभ वाकलेली, म्हणून आम्ही आतून तारेचा वेढा घालून ठेवत असू. मी आईला सांगत होतो, पाणमांजरं दगड कशी झेलतात, उताणी झोपून एका हातातून दुसऱ्या हातात, त्यावरून मला त्या तंबूवाल्यांबरोबरचा एक बुवा आठवला जो बटाटे झेलायचा, त्यावरून त्याच्या बायकोची गोष्ट निघाली, ती मी सांगतोय, आई ऐकतेय, ताई म्हणतेय मासे माझ्या चपलांवर ठिबकतायत, आणि मागे बाबांना तार दिसली. कुलपाला तार! तू समजू शकतेस. देवळात कुणी बूट घालून गेलं तर पुजाऱ्याला जे होईल ते बाबांना झालं. त्यांनी तार काढली, पेचकस लावला, जीभ सरळ केली, कानशीने दोन हात मारले आणि दार ओढून घेतलं. खट्ट! इतका सुंदर आवाज झाला की मीसुद्धा गोष्ट थांबवून मागे वळलो. बाबा म्हणाले, "ह्याला म्हणतात लागणं."

मग मी त्यांना सांगितलं, की बाबा, त्या कुलपाला किल्लीचं भोक फक्त बाहेरून आहे.

सगळे एकदम बोलले. मला वाटलं, किल्ली जाळीतून बाहेर कुणाला तरी देऊ, कुणीतरी येईलच. पण आपण कोंडले गेलो हे भावोजींच्या डोक्यात शिरलं आणि ते एक पाऊल मागे सरले, ते थेट आतल्या दारावर. आतल्या दाराला नुसती कडी. ती उचलली गेली, दार उघडलं, भावोजी अर्धे आत पडले आणि आत्या अख्खी बाहेर आली. म्हणजे बोळात. (इथून पुढे तिला मी पाणमांजर म्हणतो, नाहीतर तुझा गैरसमज होईल.) भावोजी बादली ठेवायच्या कट्ट्यावर चढले, ताई त्यांच्या आधीच चढली होती, त्या नव्या चपलांसकट, आणि ती कशी चढली हे मला अजून कळलेलं नाही. पाणमांजराने बादली आडवी केली, मासे हुंगले, पण मासे घेतले नाहीत. तिने जुडगा घेतला. आईच्या पिशव्यांमागे जाऊन उताणी झोपली आणि सगळ्या अभयारण्याच्या किल्ल्या पोटावर घेऊन एका हातातून दुसऱ्या हातात झेलू लागली. किणकिण, किणकिण. भावोजी कट्ट्यावरून तिच्याकडे दुर्बिणीतून बघत होते.

आणि अशा वेळी शाळेची सहल आली. पोरं, त्यांच्या बाई, दोन-दोनच्या रांगेत. बाईंची नजर पाटीवर. त्या मोठ्याने वाचू लागल्या आणि पोरं आमच्याकडे बघू लागली. हा प्राणी कुटुंबाने राहतो. कुटुंबातले सगळे एकमेकांशी सतत आवाज करून बोलतात. (ताई त्याच वेळी भावोजींना काय वाटेल ते बोलत होती.) हा प्राणी अतिशय चौकस असून हाताने वस्तू उघडून, ओढून पाहतो. (बाबांनी दार पुन्हा एकदा ओढून पाहिलं.) पिल्लं मोठी झाली तरी बराच काळ आईबापांना सोडत नाहीत. हे वाक्य ऐकून बाबांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. एका पोराने भावोजींकडे बोट दाखवून विचारलं, बाई, तो टोपीवाला काय खातो? बाई वर न बघता म्हणाल्या, "काही द्यायचं नाही त्याला, पोट बिघडतं." आई जाळीतून त्यांना म्हणाली, अहो बाई, आम्ही माणसं आहोत. तेव्हा बाईंनी मान वर केली, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला त्यामुळे डॉक्टरीणबाई प्लास्टरचे हात घेऊन धावत आल्या.

आत्या, मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली होती. डॉक्टरीणबाईंनी जाळीतून पाहिलं: कट्ट्यावर दोघं, खाली तिघं, तार गायब, आतलं दार सताड उघडं. त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती. त्या ओरडल्या, बाजूला व्हा, मी दार उघडते. ताई ओरडली, उघडा, उघडा. भावोजी ओरडले. पोरं ओरडली, त्यांना काय, निमित्तच हवं असतं. आणि मी ओरडलो, "नाही बाई, उघडू नका!" कारण बाईंना ती दिसत नव्हती, ती आईच्या पिशव्यांमागे होती, आणि दार उघडलं असतं तर ती पोरांच्या पायांतून थेट रस्त्यावर, ट्रकांच्या खाली. मी म्हटलं, बाई, ती बोळात आहे. तुम्हीच सांगितलं होतं, तुम्ही ओरडलात तरी नाही. बाईंनी किल्ली खाली घेतली. मग म्हणाल्या, मग आता? आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मला सवय नाही गं. माझ्याकडे सगळे एकदम बघतात ते फक्त कपबशी फुटल्यावर.

मी म्हटलं, सगळे खाली बसा. जमिनीवर. बोलायचं नाही. आणि, आत्या, ते बसले! ताई बसली, त्या माशांच्या पाण्यात. भावोजींनी टोपी काढली, का ते माहीत नाही. शाळेच्या बाईंनी पोरांनाही बसवलं. मी आतल्या दाराच्या उंबऱ्यापलीकडे मांडी घालून बसलो, तळहातावर मासा ठेवला आणि नुसता बसून राहिलो. ह्यात कसब काहीच नाही, फक्त हलायचं नाही. हललं की ती पुन्हा पहिल्यापासून विचार करायला लागते. किती वेळ गेला ठाऊक नाही. पायाला मुंग्या आल्या, मग मुंग्या गेल्या, मग पायच गेला. एक माशी नाकावर बसून तिचं सगळं आवरून निघून गेली. मला एकदा वाटलं की बाहेर झाडावर खंड्या बोलतोय, पण मी मान वळवली नाही. (नंतर कळलं, खरंच खंड्या होता. चुकला.) शेवटी किणकिण थांबली. ती आईच्या पिशवीमागून निघाली, ताईच्या चपला हुंगल्या, नापसंत केल्या, बाबांच्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली आणि त्यांचा खिसा हुंगला, तेलाचा वास येतो ना त्या कानशीला. बाबा श्वास रोखून बसले होते. पण ते तिच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, म्हणजे असं, जसं एखादं जुनं बिघडलेलं कुलूप हातात आपणहून चालायला लागलं की ते बघतात. मग मी हळूच म्हटलं, आत्या, चला आत. ती आत आली, मासा घेतला, किल्ल्या मात्र दिल्या नाहीत, तोंडात धरूनच पाण्यात उतरली. मी लंगडत लंगडत बोळात आलो, आतलं दार लावलं, ओढून पाहिलं. मागून बाबांनीही ओढून पाहिलं.

मग म्हटलं, आता उघडा. बाईंनी किल्ली घातली. किल्ली फिरेना. बाबांनी जीभ इतकी सरळ केली होती की आता त्या कुलपाला आपली स्वतःचीच किल्ली ओळखू येत नव्हती. बाबांचा चेहरा फुलला. म्हणाले, बघा, मी बसवलेलं आहे, मलासुद्धा उघडायचं नाही. आई म्हणाली, "मग काय संक्रांत येईस्तोवर इथेच राहायचं का? पुरे झालं कौतुक!" तेव्हा कुठे बाबांनी पेचकस काढला, बिजागऱ्या सोडवल्या आणि अख्खं दार कुलपासकट उचलून बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवलं. कुलूप शेवटपर्यंत लागलेलंच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. भावोजींनी वाकून त्या स्वीकारल्या.

त्यानंतर बाईंच्या खोलीत आम्ही सगळे. बाबा समोरच्या खुर्चीवर, मी दाराशी. बाबांनी सरळच विचारलं, पोरगा पक्का की कच्चा? आत्या, उत्तर देताना बाईंचा चेहरा दिसू नये म्हणून मी खिडकीपाशी गेलो. आणि खिडकीबाहेर तो बगळा होता, नवं प्लास्टर घातलेला. तो एक पाय टाकायचा, मग त्या पांढऱ्या पायाकडे बघायचा, मग दुसरा, हुबेहूब ताई नव्या चपलांत चालते तशी. मला वाटलं, हे ताईला दाखवलं पाहिजे, मग वाटलं, नको, मार खाईन. एवढा विचार करून मी वळलो तर बाई आणि बाबा दोघंही माझ्याकडे बघत होते आणि प्रश्नाचं उत्तर देऊन झालं होतं. मी बाबांना विचारलं, काय म्हणाल्या? बाबा रुमालाची घडी घालत म्हणाले, बघू. बाई तोवर टेबलाच्या अडकलेल्या खणाकडे वळल्या होत्या. आईला विचारलं तर ती पिशवी आवरत होती. ताई म्हणाली, तुझं लक्ष कुठे असतं रे? म्हणजे अजून मी कच्चाच असणार. पक्का असतो तर कुणीतरी बोललं असतं.

संध्याकाळच्या बसने आई, ताई, भावोजी परत गेले. भावोजी जाताना म्हणाले, काही म्हण, इतक्या जवळून जनावर वाघाच्या अभयारण्यातही दिसत नाही. एकूण सगळ्यांचा दिवस आनंदात गेला असं म्हणायला हरकत नाही, आणि तू काळजी करू नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र, दुसरं काही नाही. तुझ्या गुडघ्याला जप. तुझ्या मांजराच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरव. इथलं काही हवं असेल तर कळव, साळिंदराचे काटे भरपूर आहेत, केस विंचरायला नाही पण लोकर विणायला होतील.

तुझा नेहमीचाच,
भोवरा

ता. क. बाबा परत गेलेले नाहीत, हे वर लिहायचं राहिलं. किल्ल्या तळ्यात आहेत. पाणमांजर रोज वर आणते, आम्हाला दाखवते आणि परत घेऊन जाते. बाबा म्हणतात, ज्या कुलपाची एक किल्ली गेली ते उघडंच समजायचं, म्हणून ते इथली सगळी कुलपं बदलतायत. बाईंनी हो म्हटलं. ते माझ्या खोलीत राहतात. माझ्या पलंगावर झोपतात आणि असे घोरतात की साळिंदर काटे फुलवून बाहेर येतं. खणाला कुलूप, टोपलीला कुलूप, माझ्या साबणालासुद्धा छोटी पेटी आणि कुलूप. मासे कापताना मागे उभे राहतात. बाईंना माझ्या लहानपणाच्या गोष्टी सांगतात. माझी नोकरी पक्की व्हायची असली तरी आता कशी होणार? तुझं एकटीचंच ते ऐकतात. तेव्हा आत्या, माझे आई, तेवढं कर: तुझं कपाट अडकलंय, उघडतच नाही, असा निरोप पाठव. ते पुढच्याच बसमध्ये बसतील.

ता. क. दुसरा. हे मी लिहिलंय ते त्यांना कळता कामा नये. आज पाकीट आणलेलं नाही, म्हणून पत्र माझ्या ट्रंकेत ठेवतो. ट्रंकेला मुद्दाम दुसऱ्या दुकानातलं कुलूप आणलंय. दुकानदार म्हणाला, हे कुणाच्या बापाला उघडणार नाही.

अक्काला धाकट्या भावाचा सा. न. ट्रंकेचं कुलूप भंगार आहे, हाताने उघडलं. तुझं कपाट अडकत नाही, मी बसवलेलं आहे. इतक्यात मी येत नाही. एवढी पानं भरून पोराने मुख्य गोष्ट लिहिलीच नाही, कारण त्याला ती माहीत नाही. त्या दिवशी बाई म्हणाल्या, तुमचा मुलगा पक्का. हा खिडकीत बगळा बघत होता. मी त्याला अजून सांगितलेलं नाही, बाईंनाही सांगू नका म्हटलंय. कच्चा आहे असं वाटतंय तोवर पहाटे सगळ्यांच्या आधी उठतो, मासे कापतो, एका जागी बसतो. पक्का झालो कळलं तर मला भीती वाटते, होडीकडे जाईल. तूही बोलू नकोस. पाकीट मी आणलंय, पत्र मीच टाकतो.